तीन महिने बंद असलेलं स्वयंपाकघर



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मार्चच्या शेवटी आम्ही दोघं मुलीकडे लेस्टरला गेलो होतो, ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात परतलो. तिकडच्या गमतीजमती लिहा म्हणून तुमच्यापैकी काही जणींचे निरोप आलेत. लिहीन. पण आज घरी आल्यावर जे झालं ते सांगते, कारण ते मनातून जात नाहीये.

विमान मध्यरात्रीनंतर उतरलं. बाहेर धो धो पाऊस. ऐरोली, महापे करत शीळफाट्याला पोचलो आणि ठरल्यासारखे अडकलो. पहाटेची वेळ, पण कंटेनरच्या रांगा लागलेल्याच. हे म्हणाले, "आलं बघ आपलं गाव." बीकेसीपासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून, असं ड्रायव्हर मोठ्या कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, दादा, तोवर आमचा हा फाटा तेवढा सुटू दे.

कुलूप काढलं आणि आधी कुबट वास आला. तीन महिने बंद घर, त्यात पाऊस लागलेला. कपाटातल्या दोन साड्यांवर पांढरे ठिपके, भिंतीला ओल. शेजारच्या भाभींनी कुंड्यांना पाणी घातलं होतं, ती झाडं मात्र माझ्यापेक्षा तरतरीत. फ्रीज रिकामा करून, दार किलकिलं ठेवून गेले होते, तो स्वच्छ निघाला. मनात म्हटलं, चला, निभावलं.

मग गव्हाची कोठी उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला जाळी धरलेली. गव्हावर पीठ सांडल्यासारखा भुगा, आणि तो भुगा हलत होता. सोंडे, पोरकिडे, आणि झाकण उचलल्याबरोबर दोन-चार पतंग माझ्या तोंडावर आले. कोठीत पंधरा-सोळा किलो गहू असतील. मी झाकण परत ठेवलं आणि तिथेच खाली बसले.

दरवर्षी मी गव्हाला एरंडेल लावते, मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालते. या वेळी पाला आणला होता, वाळवलाही होता. पण निघायच्या आठवड्यात मुलीसाठी मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चार प्रकारचे पापड, आणि प्रत्येक बॅग २३ किलोच्या आत बसवायची कसरत. पाल्याची पिशवी गॅलरीच्या दाराला टांगलेलीच राहिली. आल्यावर ती पहिल्यांदा नजरेला पडली होती, तेव्हा कसली म्हणून आठवलंही नाही.

आता लेस्टरची एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्याकडे पिठाची मर्यादा पाळतात, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. माझी घरघंटी आहे, मी दर तीन-चार दिवसांनी दळते. मुलगी मात्र दहा किलोची पिठाची पिशवी आणते, ती महिनाभर चालते. मी तिला शब्दानं काही बोलले नाही. पण पीठ मळताना पिशवीवरची तारीख वाचायचे, ती बघत असताना वाचायचे. तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणतेय.

आणि तिथे माझं बाकी सगळं किती सोपं होतं! जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेनऊला. मुलगी-जावई ऑफिसातून सात वाजता आले तरी सगळ्यांची जेवणं भर उजेडात. रात्रिभोजन त्यागाचा नियम न पाळताच पाळला जायचा. शनिवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन सेंटरला जायचो. जुन्या चर्चच्या इमारतीत १९८८ साली उभं राहिलेलं ते मंदिर, दर्शनी भाग सगळा पांढऱ्या संगमरवराचा. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळे एकाच छपराखाली. पार परदेशात गंधोदक कपाळाला लावताना मला स्वतःचंच कौतुक वाटायचं, की बघा, कुठेही गेलं तरी आपलं सगळं नियमात. आणि त्याच वेळी इकडे माझ्या कोठीत काय चाललं होतं!

हे म्हणाले, "एवढी काय बसून राहिलीस? पिशवीत भर, खाली कचऱ्यात देऊन येतो." कचऱ्याच्या गाडीत ते दाबून चिरडतात, हे दोघांनाही माहीत. मी नाही म्हटलं. कामाच्या मावशी आल्या, त्यांनी बघितलं आणि हसल्या. "वहिनी, एवढंच ना? गच्चीवर उन्हात टाका, तासाभरात पळतील सगळे." पळतात ते थोडे, बाकीचे तापून मरतात. शिवाय ऊन होतं कुठे! मग त्या म्हणाल्या, "नाहीतर मला द्या. चाळते, पाखडते, गिरणीत टाकते. आमच्याकडं असले गहू कोण फेकत नाय."

इथे माझी पंचाईत झाली. त्यांच्या घरी सहा माणसं. मी आठ दिवस विमानतळावरच्या चहाचे पैसे रुपयांत मोजून हळहळणारी बाई, आणि त्या माझ्यासमोर अन्न मागताहेत. नाही कोणत्या तोंडानं म्हणू? पण सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी आतच वाढते, वरून दाणा धड दिसतो. चाळून फक्त वरचे जीव निघतात. ते गहू गिरणीत गेले की काय होणार, हे मला माहीत असताना ते माझ्या हातून जाणार होतं. शेवटी मी त्यांना नवीन दहा किलो गहू आणून दिले. त्यांनी घेतले, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. "चांगले होते की वहिनी ते," असं म्हणून गेल्या. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

रात्री झोप नाही. तिकडच्या वेळेची सवय, पहाटे तीनपर्यंत टक्क जागी. एकदा वाटलं, उठावं आणि निवडायला बसावं, पण दिव्याच्या उजेडात शोधन करायचं नाही. माळ घेऊन बसले. माळेतही कोठीच डोळ्यांसमोर. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो ना आपण, त्यात उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी धरलाय. इतकी वर्षं ऐकताना मला प्रमाद म्हणजे दुसऱ्यांचं बेफिकीर वागणं वाटायचं. मी कधी मुंगी मुद्दाम मारली नाही. पण एक पिशवी दाराला विसरले आणि माझ्या घरात हजारो जीव जन्माला आले. त्यांना मरणाशिवाय दुसरी वाट मी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी उठायला दहा वाजले, अभिषेक चुकला. मग खिडकीशी जुनी चादर अंथरून, मोठ्या भोकांची चाळणी घेऊन बसले, उन्हात नाही, सावलीत, हळूहळू. दोन दिवस गेले. हे पहिल्या दिवशी कुरकुरले, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून शेजारी येऊन बसले. गुजरातेत पांजरपोळांमध्ये किडलेल्या धान्यासाठी वेगळी खोली असे, जीवातखाना म्हणत. त्यातले जीव त्यातच जगू द्यायचे. आमच्याकडे कुठलं तसं काही! दहिसर मोरीच्या पुढे ह्यांच्या ओळखीच्या एकांकडे जुनी बंद खोली आहे. तिथे गोणपाटाच्या पोत्यात गहू, भुगा, सगळं एकत्र, कोरड्या कोपऱ्यात ठेवून आलो. उंदीर असतील, पाली असतील. त्यापुढे माझा हात पोचत नाही.

परत येताना शीळफाट्यालाच पावणेसात वाजले. सूर्यास्त ७:१९ चा. घरी पोचेपर्यंत अंधारणार हे दिसत होतं. पिशवीत दोन केळी होती, ती दोघांनी गाडीतच खाल्ली, पाणी प्यायलो. लेस्टरची साडेनऊची संध्याकाळ तेव्हा फार आठवली.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी तिला रिकामी कोठी दाखवली आणि सगळं सांगितलं. पिशवीवरची तारीख वाचायचे, तेही बोलले. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला कळत होतं गं. म्हणून तर मी पिशवी तुझ्यासमोरून उचलून वरच्या कपाटात ठेवायला लागले होते." मला वाटत होतं, जागा अडते म्हणून ठेवलीय.

कोठी गरम पाण्याच्या फडक्यानं पुसून, सुकवून उपडी ठेवलीय. आषाढी अष्टान्हिका तोंडावर आलीय, त्याआधी स्वयंपाकघर लागायला हवं. तांदळाचा डबा मी अजून उघडलेला नाही. तो उद्या सकाळी, चांगल्या उजेडात.