शेठजींची तार

वेग या शब्दाचा मोह कसा अनावर असतो, याची प्रचीति मला गेल्या हंगामांत दारव्ह्यास आली. तेथील एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांत कापसाच्या गंज्यांमध्यें उष्णतामापकें बसविण्याचें काम माझ्या भाच्यानें घेतलें होतें. ओलसर कापूस आंतून तापूं लागला, तर धूर दिसण्यापूर्वींच खबर मिळावी, हा हेतु. मापकें ४०, आणि त्या सर्वांना जोडणारी एकच दुपदरी तार, फाटकापासून प्रेसपर्यंत ५०० मीटर. मी केवळ प्रेक्षक म्हणून गेलों होतों.

बिनसलें तें आंकड्यावरून. या तारेची 'कॅन' नांवाची पद्धति जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ सालीं मोटारींसाठीं पुढें आणली. शेठजींच्या मोटारींत तीच तार सेकंदाला ५ लाख बिट वाहते, असें कोणीं तरी त्यांस सांगितलेलें. आणि भाच्यानें वेग ठेवलेला सव्वा लाखाचा! "मले जुना माल देल्ला तुम्ही," असें ते स्पष्टच म्हणाले.

आतां या तारेची एक मौज आहे. तिच्यावर कोणी अध्यक्ष नाहीं. दोघे एकदम बोलूं लागले, तर प्रत्येक जण आपला बिट तारेवर तसाच उमटला कीं नाहीं हें ऐकतो. आपण 'एक' म्हटलें असतां 'शून्य' ऐकूं आलें, तर तो निमूटपणें थांबतो. (आमच्या साहित्यसंमेलनांना ही रीत लागू पडती तर!) पण या सौजन्यासाठीं, एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला पोंचून तिकडचा परत येईपर्यंत तो बिट संपतां कामा नये. तारेंतून संदेश मीटरला सुमारें ५ नॅनोसेकंद घेतो. म्हणजे ५०० मीटर जाऊन येण्यास ५ मायक्रोसेकंद. ५ लाखांच्या वेगानें एक बिट टिकतो अवघा २ मायक्रोसेकंद. सव्वा लाखानें ८. दहा लाखांचा वेग हवा, तर तार ४० मीटरांतच आटोपावी लागते. मापकांची संख्या निराळाच कर घेते. प्रत्येक मापक थोडा विद्युद्भार अडवून ठेवतें आणि संदेशाची धार बोथट करतें; फांद्या लांब ठेवल्या, तर त्यांच्या टोकांवरून पडसाद उठतात तें वेगळेंच.

शेठजींना हें पटलें नाहीं. पटलें तें शकुंतलेच्या दाखल्यानें. मुर्तिजापूर-यवतमाळ ही सुमारें ११३ किलोमीटरांची अरुंद, एकेरी वाट दारव्ह्यावरूनच जाई. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचें इंजिन धांवे. पुढची गाडी ठाण्यांत शिरल्याविना मागची सोडतां येत नाहीं, हें एकेरी रुळाचें शास्त्र त्या गांवच्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. "ठाणीं जितकीं लांब, तितका खोळंबा मोठा, शेठजी," एवढेंच भाचा म्हणाला.

मग त्यानें हिशेब मांडला. संदेश फार तर १३० बिटांचा. सव्वा लाखांत सेकंदाला नऊशेंवर संदेश मावतात. चाळीस मापकांनीं सेकंदाला एकेकदां तोंड उघडलें, तरी तार बहुतेक वेळ रिकामीच! गंजी कांहीं क्षणांत तापत नाहीं. मोटारीच्या आंकड्याची ऐट गंजीच्या काय कामाची? शेवटच्या गंजीचा शब्द प्रेसपर्यंत ऐकूं यावा, म्हणजे झालें.

शेठजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मांगच्या नव्या गोदामापर्यंत नेली तं?"

गोदाम आणखी ४०० मीटर. "वेग ५० हजारांवर आणावा लागेल."

"अन् संदेश किती मावतीन?"

"साडेतीनशेंच्या वर."

शेठजींनीं टेप आणावयास गडी पाठविला.