समजलें का?

वर्गांत ‘समजलें का?’ असें विचारलें, कीं सगळीं मुलें एकमुखानें ‘हो’ म्हणतात. आणि पुढच्याच उदाहरणाला निम्म्या पाट्या चुकतात, हा आमचा तीन तपांचा अनुभव आहे. शाळेंत यानें फार तर गुण जातात. परंतु जुलाबानें कोमेजलेल्या अर्भकाच्या आईला हाच प्रश्न विचारला, आणि तिनें भिडेपोटीं ‘हो’ म्हटलें, तर जीव जाऊं शकतो.

म्हणूनच २००५ सालच्या योजनेपासून, साधारण हजार वस्तीस एक याप्रमाणें, गांवोगांवीं नेमल्या गेलेल्या ‘आशा’ ताईंच्या शिक्षणाविषयीं आम्हांस विशेष आस्था वाटते. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें पाठ म्हणून दाखविणें सोपें आहे. पण त्या घरांत लिटरचें माप कोठलें? ताईनें घरांतलाच तांब्या मागावा, त्यांत पाणी किती मावतें तें पाहावें, आणि मग म्हणावें, ‘मीं नीट सांगितलें कीं नाहीं, तें कळूं द्या, आतां तुम्हीच करून दाखवा.’ येथें परीक्षा शिकविणाऱ्याची आहे, शिकणाऱ्याची नव्हे.

गडचिरोली जिल्ह्यांत १९८६ पासून काम करणारे डॉ. अभय व राणी बंग यांनीं हें तत्त्व कृतींत उतरविलें आहे. मोठ्या संख्या मोजतां न येणाऱ्या सुइणींसाठीं त्यांनीं मणी ओंवलेलें एक साधन केलें. बाळाच्या दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. मिनिटाच्या घड्याळांतली वाळू संपण्यापूर्वींच तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजावयाचा. सुईण निरक्षर म्हणून तिला दूर सारलें नाहीं, पाटीच बदलली! इस्पितळही तेथील आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीच्या धर्तीवर बांधलें, आणि त्यास दंतेश्वरी देवीचें नांव दिलें.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला; ‘जलसंजीवनी’ हा शब्द आमच्या कानास गोडच लागतो. पण पांडित्य बोलणाऱ्याजवळ, आणि तहान बाळाला! पाणी बाळाच्या ओठीं जावयाचें, तर शब्द आईच्या तोंडचा हवा. तिच्या चालीरीतींसही हंसूं नये. आपल्या सुशिक्षित घरांतूनही दृष्ट काढल्यावांचून आजारी मूल दवाखान्यांत नेत नाहींत, हें वाचकभगिनींस आम्हीं सांगावयास नको. ‘दृष्ट खुशाल काढा, पण पाणी आणि अंगावरचें दूध पाजणें थांबवूं नका,’ असें सांगणारी ताई आम्हांस पुष्कळ पंडितांहून अधिक शिकलेली वाटते.