नाणेघाटाची वाट

मंचरहून घोडेगाव, तेथून जुन्नर आणि पुढे घाटघर. चातुर्मासात या वाटेवर हिरवाईपेक्षा धुकेच अधिक भेटते. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहिला, की व्यापारी कुळातील माणसाचे पाऊल तेथे रेंगाळतेच. कोकणातील बंदरांचा माल याच खिंडीतून वर चढत असे.

परतताना पुतण्याची मोटारसायकल सुरू होईना. तिला किक नाही, सारी भिस्त सेल्फवर. किक काढून टाकणाऱ्या कारखान्यांचे मला नवल वाटते. जुन्नरला पोहोचून सूर्यास्तापूर्वी चौविहार करावयाचा होता. बटण दाबताच नुसती टकटक होई आणि दिवा मंदावे.

“काका, सेल्फची मोटार जळाली वाटतं.”

“आधी बॅटरी पाहू.”

टकटक होते म्हणजे रिले हलतो, पण वीज पुरेशी पोहोचत नाही. किल्ली बंद करून सीट काढली. खडबडीत रस्त्याने बॅटरीचे टर्मिनल ढिले झाले होते, त्यावर पांढरा क्षारही साचलेला. खरवडून आवळताच सेल्फ जोमाने फिरला, तरी इंजिन पेटेना. हँडलवरील लाल बटण चालू होते, पेट्रोलही होते. उरली ठिणगी. स्पार्क प्लगच्या टोपीत पावसाचे पाणी शिरले होते. ती रुमालाने कोरडी करून बसविली आणि इंजिन पेटले.

जुन्नरलगतच्या मानमोडी डोंगरातील मूळच्या बौद्ध लेण्यांच्या एका गटाला नेमिनाथांच्या यक्षिणीवरून अंबिका हे नाव पडले आहे. त्या दिवशी तिला रस्त्यावरूनच हात जोडले. सूर्यास्ताला पाऊण तास उरला होता.