अर्धा शनिवार

बँकांचा अर्धा शनिवार 1 सप्टेंबर 2015 पासून बंद झाला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पूर्ण सुट्टी, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस काम. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण, हिशेब जुळतो. पण पूर्ण सुट्टी घराची असते. तिच्यात दळण येतं, माळा आवरणं येतं, पाहुणे येतात. अर्धा शनिवार नोकरी करणाऱ्या बाईचा स्वतःचा होता. दुपारी फोर्टातल्या शाखेतून बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या लोकलपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतका मोकळा वेळ मला दुसरा मिळाला नाही. त्या वेळात जे जे होतं त्यातलं पुष्कळ आता नाही, म्हणून ही नोंद.

स्ट्रँड बुक स्टॉल. टी. एन. शानभागांनी 1948 मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात लहानशा जागेत सुरू केलं, पुढे फोर्टात आलं, फेब्रुवारी 2018 मध्ये मिटलं. किमतीवर सूट मिळे, पण मला त्याहून मोलाचं वाटे ते उभ्याने वाचू देणं. अख्खं प्रकरण वाचून पुस्तक जागच्या जागी ठेवलं तरी कुणी काही म्हणत नसे.

हुतात्मा चौकाच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या थप्प्या. थोड्या उरल्यात. पहिल्या पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाची तारीख असायची.

कॅसेट भरून देणारी दुकानं. कोरी कॅसेट घ्यायची, गाण्यांची यादी द्यायची, पुढच्या आठवड्यात न्यायला यायचं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस. साडेतीन मिनिटांचं गाणं धरलं तर आठ बसत, नववं मध्येच तुटे. त्यामुळे यादी आठवडाभर चाले. जेवणाच्या सुट्टीत स्लिपच्या कोऱ्या पाठीवर नावं लिहायची, खोडायची, एक आत घ्यायला दुसरं बाहेर काढायचं. एका बाजूला माणिक वर्मा आणि दुसरीला तलत महमूद, की दोघं एकाच बाजूला, याचा मी किती विचार केला असेल! दुकानदार यादी वाचून सुचवायचा, "ताई, हे लांब आहे, बी साइडला टाकतो." आणि काउंटरवर काचेखाली दुसऱ्यांच्या याद्या असत. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनाखाली किशोरकुमारचं धमाल गाणं, त्याखाली एखादं बालगीत. त्या अनोळखी माणसाच्या घरात कोण कोण असेल ते त्या अक्षरांवरून दिसायचं. माणसाचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे फार वाचलेलं नाही. आता गाणी लाखांनी मिळतात आणि नववं गाणं गाळण्याची वेळ कुणावर येत नाही. मला त्या गाळण्याची हळहळ वाटते. त्या कष्टाने उरलेली आठ गाणी जन्मभर पाठ राहिली.

काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाउस, गाण्यांचं दुकान, फेब्रुवारी 2016 पर्यंत. तिथे आधी ऐकायचं, मग ठरवायचं. नाही ठरलं तरी चाले.

सुटी बटणं. बाटलीतून काढून, ब्लाउजच्या कापडाला लावून बघायची आणि एक हरवलं असेल तर एकच घ्यायची. कागदाच्या पुडीला दोरा बांधून मिळत.

उसाच्या रसाचा हाफ ग्लास. मुंबईत रसवंतीवाले पुष्कळसे पुरंदर तालुक्यातले, म्हणून पाट्यांवर कानिफनाथ आणि नवनाथ. चरकाला घुंगरू बांधलेले असत, गर्दीतूनही दुकान कानाने सापडे. घुंगरू कमी झाले, हाफ त्याहून कमी.

आणि इथेच मला म्हणायचं आहे ते येतं. त्या संध्याकाळी थोडं घेता यायचं. अर्धा ग्लास, एक बटण, एक गाणं, एक प्रकरण. पर्समध्ये लोकलचा पास आणि मोजके पैसे असले तरी चार तास भरगच्च जात. दुकानाला माझ्याकडून फार काही मिळत नसे, तरी मला उभं राहू देत. आज अमुक रकमेच्या आत ऑर्डर घेतली जात नाही, पाकीट डझनाचं असतं. ज्यांच्याकडे पैसे थोडे त्यांची संध्याकाळ यामुळे लहान झाली आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

सामोवार. जहांगीर कलादालनाच्या आतलं उपाहारगृह, 1964 पासून मार्च 2015 पर्यंत. रेल्वेच्या डब्यासारखं लांब आणि अरुंद. पेरूचा गार रस मागवायचा. एकटी बाई एका ग्लासावर तासभर बसली तरी तिला कुणी उठवत नसे, शेजारच्या टेबलावरून कुणी निरखत नसे. या शहरात बाईने एकटीने, काही काम नसताना, नुसतं बसावं अशा जागा किती होत्या? घरी गॅलरीत बसलं तरी कुणीतरी विचारतं, बरं नाही का. सामोवारमध्ये कुणी विचारलं नाही. या नोंदीतली एकच गोष्ट परत मिळणार असेल तर मी ती मागेन.

स्टेशनवरचा वजनकाटा. नाणं टाकलं की रंगीत दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. त्यावर वजन आणि भविष्य. भविष्य नेहमी चांगलं.

बेस्टची लाल डबलडेकर. 1937 ला आली, डिझेलवरची शेवटची 15 सप्टेंबर 2023 ला गेली. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली तर समोरची खिडकी उघडी आणि वारा थेट तोंडावर. नव्या विजेवरच्या डबलडेकरही देखण्या आहेत, पण वातानुकूलित असल्याने काचा बंद.

शिल्लक: चौकातले थोडे पुस्तकवाले, उन्हाळ्यात रस, आणि 1952 पासूनचं जहांगीर. तिकीट नाही, अकरा ते सात उघडं, शनिवारीसुद्धा.