बुरशी, लाकूड आणि धूर

चाकण एमआयडीसीत पहिल्या पाळीला मशीन सुरू करण्याआधी उदबत्ती लावणारे कामगार बरेच आहेत. कूलंट, कटिंग ऑइल आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास होतो. इथे नोकरी केलेल्याला तो डोळे मिटूनही ओळखता येईल. खंडेनवमीला लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना हार आणि हळदकुंकू. १७ सप्टेंबरला बंगाल-बिहार-ओडिशाकडची मंडळी विश्वकर्मा पूजा मांडतात. वास मात्र दोन्ही दिवशी सारखाच.

*

त्या काडीत असतं काय? बांबूची सळी, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट. ही कच्ची काडी सुगंधी द्रावणात बुडवून वाळवतात. सुगंध पातळ करायला डायइथाइल थॅलेट सर्रास वापरतात. स्वस्त पुड्यावर ‘ऊद’, म्हणजे अगर, छापलेलं असलं तरी अस्सल अगराचं तेल त्या किमतीत बसत नाही. तो वास प्रयोगशाळेत जुळवलेला असतो.

*

खरा अगर आसाम, त्रिपुरा, नागालँडकडचा. झाडाचं शास्त्रीय नाव ॲक्विलेरिया मॅलॅकेन्सिस. निरोगी झाडाचं लाकूड पांढुरकं, हलकं, बिनवासाचं. अत्तराच्या दृष्टीने निरुपयोगी. झ्युझेरा नावाच्या पतंगाची अळी खोड पोखरते, त्या भोकांतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवण्यासाठी जखमेभोवती राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं मुरलेली ती राळ म्हणजे अगर. राळेने गच्च भरलेला तुकडा पाण्यात टाकला तर तळाला जातो.

*

या वासाची रासायनिक उकल पुण्यात झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, एस. सी. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी लागलेल्या अगराचं तेल घेऊन त्यातले घटक एकेक करून वेगळे काढले. १९५९ मध्ये अगरॉल, १९६३ मध्ये अगरोफ्युरान गटातली संयुगं, १९६५ मध्ये अगरोस्पायरॉल. अगरोफ्युरानच्या रेणूची त्रिमिती रचना पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत बॅरेट आणि ब्यूखी यांनी दुरुस्त केली. विज्ञान असंच पुढे सरकतं. पाया पुण्याचाच राहिला.

*

आणि पिंपरी? या गावाच्या औद्योगिक भाग्याची सुरुवातच बुरशीपासून आहे. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन हे बुरशीचं देणं. त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने १९६१ च्या सुमारास हॅमायसिन शोधलं. ते बुरशीला मारणारं औषध, आणि ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आसामच्या रानात बुरशीने झाड सुगंधी होतं, पिंपरीत बुरशीने माणसं वाचली. मला या दोन गोष्टी एकाच वहीत लिहाव्याशा वाटतात.

*

आसामातल्या होजाईच्या भट्ट्यांत अगराच्या चिपा आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, मग पाण्यासकट उकळून वाफेतून तेल धरतात. होजाईचेच शेतकरी हाजी अजमल अली १९५० च्या दशकात हे तेल घेऊन मुंबईत आले. अजमल हे अत्तराचं मोठं नाव त्यातूनच उभं राहिलं.

*

हे तेल मनगटावर लावलं की पहिला वास गोठ्यासारखा उग्र येतो. नवखा माणूस हात लांब करतो. अर्ध्या तासाने तो उग्रपणा ओसरतो आणि खालून गोडसर, किंचित कडवट असा लाकडाचा वास वर येतो. तो दुसऱ्या दिवशीही शर्टाच्या बाहीला असतो. चीप जाळायची तर निखाऱ्यावर थेट ठेवू नये, ती करपते. मध्ये अभ्रकाची चकती ठेवावी. राळ बुडबुडे धरते, धूर नावापुरता होतो आणि खोली भरते.

*

झाडात राळ आहे की नाही, हे बाहेरून ओळखणं अवघड. म्हणून रानातली झाडं अंदाजाने तोडली गेली. १९९५ मध्ये हे झाड, धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं, २००४ मध्ये त्याच्या सगळ्या भावंडजाती आल्या. नामशेष होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या जातींत आज त्याची गणना आहे. बरा भाग असा की आसामात घराभोवतीच्या बागांत अगर पूर्वापार लावतात. जोरहाटच्या वर्षावन संशोधन संस्थेत खोडात बुरशी टोचून राळ धरवण्याचं कामही झालं आहे.

*

रोपं विकणारे ‘लावा आणि कोट्यधीश व्हा’ म्हणतात. मावळ-खेडच्या शेतकऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: नुसतं झाड वाढलं म्हणजे अगर तयार झाला असं नाही. बुरशी कोण टोचणार, राळ कोण तपासणार, माल कोण घेणार, याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय एक खड्डाही खणू नये.

*

शेवटी कारखान्यातल्या आणि घरातल्या सगळ्यांना एक विनंती. पुडाभर काड्या एकदम पेटवू नका. धूर तो धूरच, छातीला त्रास देतोच. एक काडी लावा, खिडकी उघडी ठेवा. आणि महागडं ‘अस्सल ऊद’ घेताना माल लागवडीचा आहे की रानातला, हे दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं, तरच रानातलं झाड उभं राहील.