दादाची कॅसेट आणि आजीचा हिंचका

बडोद्याच्या मराठी घरांत गाण्याच्या आठवणी निघाल्या की फैयाजखाँसाहेब निघतात, नाट्यगीतं निघतात, भजनी मंडळं निघतात. रॉकची आठवण कुणी लिहीत नाही. पण मंडळी, १९९० च्या आसपास आपल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात माड्यांवरून इलेक्ट्रिक गिटारचे आवाज येत होते आणि खालून कुणीतरी "अरे, हळू कर!" म्हणून ओरडत होतं. आमच्याकडे ते काम आजीचं.

दादाकडे बहुतेक कॅसेटी कॉपी केलेल्या. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट दुकानात द्यायची, यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायची. कॉपीची कॉपी, त्यात टेपची सूं सूं. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली "जुनं ते सोनं, डिजिटलने सगळं बिघडवलं" असं म्हणणारे फार झालेत. आमच्या त्या कॅसेटींचा आवाज भिकार होता.

ओरिजिनल अशी एकच होती, डायर स्ट्रेट्सची 'ब्रदर्स इन आर्म्स', १९८५ ची. त्यातलं 'मनी फॉर नथिंग' इतकं लांबून, हळूहळू सुरू होतं की दादा दर वेळी व्हॉल्यूम वाढवायचा. मग ड्रम यायचे, मग ती गिटार कोसळायची, आणि मग आजी! गंमत म्हणजे हा अल्बम डिजिटल टेपवरच रेकॉर्ड झालेला. दहा लाखांवर सीडी खपलेला पहिला अल्बम तोच. तेव्हा डिजिटल म्हणजे सपाट, हे काही खरं नाही.

सपाट केलं ते माणसांनी. सीडीवर अगदी हळू आणि अगदी मोठा यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. साध्या कॅसेटवर ५०-६०. म्हणजे हळू वाजवायला एवढी जागा रॉकवाल्यांना आधी कधीच मिळाली नव्हती. आणि त्यांनी केलं काय, तर सगळं गाणं छताला नेऊन चिकटवलं. रेडिओवर, चेंजरमध्ये, शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं बारीक वाजू नये, एवढ्यासाठी. ड्रमचा ठोका उसळतो तो वरून दाबायचा आणि दाबून झाल्यावर सगळंच वर उचलायचं. याला कॉम्प्रेशन म्हणतात. (एमपीथ्रीत फाइल लहान करतात ते कॉम्प्रेशन वेगळं. लोक दोन्हींची गल्लत करतात.) मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ साली आला तेव्हा तर गाणी चक्क फाटल्यासारखी वाजत होती. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू येतात हे चाहत्यांनी पकडलं आणि हजारोंनी सह्या करून अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून मागणी केली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी तर सांगून टाकलं की माझ्याकडे आलं तेच आधी भिंतीसारखं सपाट होऊन आलं होतं.

आता स्पॉटिफायसारखी ॲपं सगळ्या गाण्यांचा आवाज आपणहून एका पातळीवर आणतात. म्हणजे ओरडून काही फायदाच उरला नाही. ओरडणारं गाणं खाली आणलं जातं, पण दाबलेले ठोके काही परत उसळत नाहीत.

एवढं सगळं मी वाचत बसले त्याला कारण दादाची स्वतःची कॅसेट. १९९४ साली त्याच्या बँडने आमच्या माडीवर चार गाणी रेकॉर्ड केली होती, दोन माइक आणि घरचा डेक. माझा भाचा पुण्यात साउंडचं शिकतो. दिवाळीत त्याने ती कॅसेट कंप्युटरवर घेतली आणि फॅमिली ग्रुपवर टाकली. काय दणक्यात वाजत होती! सूं सूं गायब, ड्रम अंगावर येणारे. सगळ्यांचे अंगठे.

पण दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला नुसती गिटार आहे, वीसेक सेकंद. त्या गिटारीच्या मागे खालच्या चौकातल्या हिंचक्याच्या कड्या कुरकुरतात. आजी बसलेली असायची. मी ते गाणं ऐकायची ते त्या कुरकुरीसाठी, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आजीचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. वाडा तर केव्हाच गेला. भाच्याच्या फाइलमध्ये ती कुरकुर नाही. सॉफ्टवेअरला ती टेपच्या सूं सूं सारखीच कचरा वाटली. शिवाय ती वीस सेकंदं आणि पुढचा धडाका एकाच आवाजात. आजी ओरडणार कशावर?

दादाला टोरांटोला फोन केला. मला वाटलं तो हळहळेल. तो म्हणाला, "अगं, आम्हाला तेव्हा असंच वाजायला हवं होतं! पैसे नव्हते म्हणून तसं वाजलं. तुझा हिंचका म्हणजे आमच्या रेकॉर्डिंगमधली चूक होती." गाणं त्याचं, तेव्हा यावर मी काय बोलणार? तरी माझं मत बदललं नाही. त्याला दणका हवा तर त्याने तो ठेवावा, पण टेपवर होतं ते होतं तसं कुठेतरी राहिलंच पाहिजे.

भाचा समजूतदार निघाला. "आत्या, मूळ ट्रान्स्फर मी पुसत नसतो," म्हणाला आणि वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर दिली. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं तर कुरकुर आहे. सहा झोके मोजता येतात. सातव्याला ड्रम येतात.

बँडची आणखी एक कॅसेट सापडलीय. आतली स्पंजची बारीक पट्टी निघालीय आणि टेप एका ठिकाणी चुरगळलीय. बडोद्यात किंवा आसपास कॅसेट उघडून नीट करणारं कुणी अजून बसत असेल तर कृपया सांगा. कुरियरने पाठवायची नाहीये, मी स्वतः घेऊन जाईन.