किंगरी आणि कांतेले

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाने खाली उतरतो. करंजी गेले, पांढरकवडा गेले, कापसाची काळी राने मागे पडली आणि पाटणबोरी ओलांडली, की पैनगंगा आडवी येते. पलीकडे आदिलाबाद. राज्य बदलले, पाट्यांवरची लिपी बदलली. गोंडांच्या लेखी मात्र हा सारा एकच मुलूख. दिवाळीच्या सुमारास या भागात दंडारीचे ढोल घुमतात आणि मोरपिसांचे भलेमोठे टोप चढवून घुसाडी नाचत हिंडतात.

ढोल कुणालाही ऐकू येतात; कान देऊन ऐकावी लागते ती किंगरी. हे तीन तारांचे लहानसे वाद्य गजाने वाजते आणि ते वाजवतो परधान, म्हणजे गोंडांचा भाट. यजमानाची वंशावळ, देवांची उत्पत्ती, लिंगोची कथा, सारे त्याच्या कंठात! या लिंगोने म्हणे भोपळ्याचे वाद्य केले, आणि झाडावर बसून तो ते छेडू लागताच विस्तवाचा धनी असलेला म्हातारा राक्षस म्हातारीसह नाचू लागला.

वाचकहो, थेट असाच एक वादक दूर उत्तरेस फिनलंडमध्ये आहे. वैनामोइनेनने माशाच्या जबड्याचे कांतेले केले, ते ऐकायला रानातली जनावरे गोळा झाली. लॉनरुट नावाच्या डॉक्टराने पायपीट करून ती गाणी उतरवून घेतली व त्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य १८३५ साली सिद्ध केले. लिंगोची कथा लिहून घेतली ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. १८६३ साली ते ओढ्याच्या पाण्यात बुडून वारले. त्यांचे कागद १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापले.

येथवर दोघांची वाट एक. पुढे फिनलंडला सिबेलियस लाभला. १८९१ साली पोर्वो गावी त्याने लारिन परास्के या निरक्षर शेतकरी बाईचे गाणे ऐकले आणि पुढच्याच एप्रिलात हेलसिंकीत त्याचे ‘कुल्लेर्वो’ वाजले. मोठा वाद्यवृंद, दोन गायक, पुरुषांचा समूह. त्याच्या तिसऱ्या भागात पाच मात्रांची चाल आहे. झपतालावर वाढलेल्या आपल्या कानांना ती परकी वाटू नये. आपण लोकगीताची एकही चाल उचललेली नाही, असे सिबेलियस बजावून सांगे. त्याने घेतली ती रीत: मोजक्या सुरांत घोटाळणारे छोटेसे वाक्य, पुन्हा पुन्हा, दर वेळी किंचित बदलून. चाल उचलून तिच्याभोवती पन्नास व्हायोलिने बसवणे सोपे. ते आपले चित्रपटवाले नेहमीच करतात.

किंगरीलाही कुणी सिबेलियस भेटावा का? भेटला तर उत्तमच. परंतु परास्केची कथा विसरता येत नाही. हजारो ओळी तोंडपाठ असलेली ती बाई. करापायी तिचे घर विकले गेले आणि १९०४ साली ती दारिद्र्यात वारली. वाद्यवृंदाच्या कीर्तीतले तिच्या पदरात काही पडले नाही. परधानाचे पोट यजमानाच्या धान्यावर. यजमानाचे बोलावणे थांबले, की पोरगा किंगरी खुंटीला टांगून कामाच्या शोधात पांढरकवड्याची एस.टी. धरतो.

तेव्हा त्या बाजूला गेलात तर घाई करू नका. कथा रात्रभर चालते. आधी परवानगी विचारा, बिदागी हातावर ठेवा आणि मगच बसा.